बोईसरात मांडलेलं बर्फाचं गणित

आमच्याकडे थंडी पडते असं म्हणणं म्हणजे जरा धाडसच आहे. दिवाळी सरते, भात झोडून होतं, गवताने भरलेल्या बैलगाड्या स्टेशनच्या दिशेने झुलत जायला लागतात आणि एका पहाटे आपल्या लक्षात येतं की झोपेतच आपण चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आहे. झाली थंडी. पालघर काय, बोईसर काय, स्वेटर म्हणजे ट्रंकेतून काढायचा, उन्हात घालायचा आणि पुन्हा ट्रंकेत ठेवायचा कपडा. तरीही लोक एकमेकांना "काय गारठा पडलाय हो!" असं मोठ्या कौतुकाने सांगतात. मीही सांगते. पण खरं सांगायचं तर हा ऋतू आला की मला फार थकायला होतं. गुडघे दुखतात, ते वयामुळे. त्यांची मी तक्रार करत नाही. हा थकवा त्याहून जुना आहे. एका हिवाळ्यात, या घामट गावात बसून, मी जन्मात न पाहिलेल्या बर्फाचं गणित केलं होतं, तेव्हाचा.

तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. साठचं दशक अर्ध्यावर आलेलं. बोईसरच्या रस्त्याला जीपगाड्यांची धूळ नवीन होती आणि वाण्याच्या दुकानात पावाबरोबर लोण्याचे डबे दिसायला लागले होते. आमचे हे प्रकल्पावर ड्राफ्ट्समन. स्टेशनजवळ दोन खोल्यांचं बिऱ्हाड. मी पालघरच्या एका शाळेत गणित शिकवायला जात असे. लग्नाआधी मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि पुढे शिकायचं म्हणत होते, ते म्हणणं लग्नाच्या गडबडीत कुठे तरी राहून गेलं. संख्याशास्त्र म्हणजे नक्की काय, ते सासरी कोणालाच उमगलं नव्हतं. मामंजी पाहुण्यांना सांगत, "सूनबाई खानेसुमारीचं शिकल्या आहेत." मी मान खाली घालून चहा देई.

यांनी मात्र एकदा कचेरीत फुशारकी मारली. यांच्या वरच्या साहेबांची बायको इंग्रिड, नॉर्वेची. साहेब अमेरिकन, लग्न नवं, आणि ती लग्न करून थेट आमच्या तारापूरच्या किनाऱ्यावर येऊन पडलेली. तिला म्हणे आकडेमोड करून देणारं कोणी तरी हवं होतं. "माझी बायको करील," असं हे बोलून बसले आणि घरी येऊन मला म्हणाले, "अगं, तुला येतं ना ते सरासरीचं वगैरे?"

"येत होतं," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी जीप आली. इंग्रिडला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या बंगलीत नाही, तारापूरजवळच्या दांडी गावाच्या किनाऱ्यावर. पाणी उतरलेलं, ओली वाळू कडक झालेली, आणि त्या वाळूवरून एक उंच, उन्हाने लालभडक झालेली बाई दोन्ही हातांत बांबूच्या काठ्या घेऊन सपासप येत होती. धावत नव्हती, चालतही नव्हती. उजवा हात डावा पाय, डावा हात उजवा पाय, प्रत्येक ढांगेला काठी मागे रेटायची आणि अंग पुढे लोटायचं. अलीकडे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते आणि बोंबील उलटणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून ती गंमत बघत होत्या.

इंग्रिडच्या घरी स्वयंपाकाला दांडीचीच पार्वतीबाय होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, तुमाला तिची भाषा येते. खरं सांगा, हिचा कसला नवस हाय?"

"नवस?"

"मंग? रोज पानी उतरलं का काठ्या घेऊन पळते. खानं नाय, पानी नाय. आमी इचारलं तं नुसती हासते. लेकरासाठी बोललेय का?"

मी ते इंग्रिडला इंग्रजीत समजावून सांगितलं. ती घाम पुसत थांबली आणि म्हणाली, "असंच काहीसं आहे, असं सांग तिला." पार्वतीबायने समाधानाने मान डोलावली. त्या दिवसापासून गावातली पोरंसुद्धा तिच्या वाटेत आडवी जाईनाशी झाली.

इंग्रिड बर्फावरच्या शर्यतीत धावणारी होती. उतारावरून घसरत येणारी नव्हे, ती दुसरी. पायांना लांब, अरुंद लाकडी पट्ट्या बांधायच्या आणि रानातून, चढावरून, उतारावरून, कोस दोन कोस, कधी त्याहून जास्त, अंगातल्या ताकदीने स्वतःला ओढत न्यायचं. ऐकतानाच मला धाप लागली. एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. या शर्यतीत सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. एकेकीला सोडतात, मध्ये थोडं अंतर ठेवून. मग ती बाई आणि रान. पुढे कोण, मागे कोण, आपण जिंकतोय की हरतोय, काही कळायची सोय नाही. शेवटी घड्याळ काय ते सांगणार. मी मनात म्हटलं, हे तर आपल्याला ओळखीचं आहे की.

तिच्याकडे तिच्या सगळ्या हिवाळ्यांचे निकाल होते. छापील कागद, कात्रणं, काही तिने स्वतः टाइप केलेले. ते माझ्यासमोर टेबलावर मांडून ती म्हणाली, "सुमन, शेवटच्या हिवाळ्यात माझ्या प्रशिक्षकाने मला सांगितलं, तू आता मंदावलीस. मला ते पटलं नाही. पण त्याच सुमाराला लग्न ठरलं आणि मी इकडे आले. मला एवढंच कळायला हवंय. मी आपणहून बाहेर पडले, की बाहेर पडायची वेळच आली होती?"

"आणि कळलं तर काय करशील?"

"मंदावले नसेन तर पुढच्या हिवाळ्यात परत जाईन. माझा नवरा हो म्हणालाय. आणखी थोडे हिवाळे आहेत माझ्यात. आणि मंदावले असेन तर..." तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. "तर तुमचा समुद्र काही वाईट नाही."

तिशी ओलांडलेली बाई, डोळ्यांत तेवढा एकच प्रश्न. मला तिची भीती वाटली. माझ्या हातून कोणाच्या आयुष्याचं काही ठरेल असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. नववीच्या पोरांना टक्केवारी शिकवणारी मी.

कॉलेजातलं लॉगटेबल ट्रंकेच्या तळाशी सापडलं. यांनी आपली आकडेमोडीची स्लाइड रूल दिली, वर "जपून वापर" असंही सांगितलं. सकाळी भात टाकला की तो उकळेपर्यंत मी आकडे करी, दुपारी शाळेतून येताना गाडीत करी, रविवारी पापडी सोलता सोलता मनात करी. वाल-पापडीचा तो हंगाम. एका बाजूला शेंगांच्या सालांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला नॉर्वेतल्या बायकांच्या वेळा. शेजारच्या काकू येऊन बघत आणि विचारत, "काय गं, पेपर तपासतेस?" मी हो म्हणे. दुसरं काय सांगणार?

सुरुवातीला तर मी चक्रावूनच गेले. मिनिटांना मिनिटं लावून बघावीत तर प्रत्येक शर्यतीची लांबी वेगळी. लांबी सारखी असली तर चढ वेगळे. चढ सारखे असले तर बर्फ वेगळं. एके दिवशी म्हणे बर्फ साखरेसारखं कोरडं असतं आणि पट्ट्या सरकतच नाहीत, दुसऱ्या दिवशी गुळगुळीत. मला साखर माहीत होती. बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीत भुसा लावून येणारी लादी, एवढंच माहीत होतं. शेवटी मी म्हटलं, बर्फाच्या नादी लागायचंच नाही. त्या दिवशीचं बर्फ सगळ्या जणींना तेच. तेव्हा इंग्रिडला घड्याळाशी नाही, त्या दिवशीच्या बायकांशीच तोलायचं. आणि त्यातही पहिल्या आलेलीशी नाही, कारण एखादी विलक्षण बाई सगळ्यांनाच लंगडं ठरवते. रांगेतल्या बरोबर मधल्या बाईशी. ती कोण असेल ती असो, जिंकलीही नाही आणि फार मागेही राहिली नाही अशी. तिच्यापेक्षा इंग्रिड शेकडा किती पुढे, किती मागे, असं प्रत्येक शर्यतीचं काढायचं.

त्या मधल्या बाईवर माझा फार जीव जडला. तिचं नाव कोणी छापत नाही, तिला फुलं कोणी देत नाही, आणि सगळं मोजायचं ते तिच्यावरून. कधी तिचं घर कसं असेल असाही विचार करी. मग भात लागल्याचा वास येई.

आलेखाच्या कागदावर एकेक बिंदू दिला आणि त्या बिंदूंच्या गर्दीतून सर्वांना जास्तीत जास्त न्याय देणारी अशी सरळ रेघ काढली. ती काढायची रीत मला बोटांत अजून आठवत होती, याचं मलाच नवल वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, लाज वाटली आणि कागद बाजूला सरकवून मी चहा केला. रेघ सपाट होती, म्हणजे इंग्रिड मंदावली नव्हती. अगदी बघायला गेलं तर शेवटी शेवटी तीळभर वरच.

मी ते इंग्रिडला सांगितलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि कालवण ढवळणाऱ्या पार्वतीबायला तिने मिठीच मारली. पार्वतीबायच्या हातात पळी तशीच. "अगो सोड, सोड, भाजेल! काय झालं? नवस फळला?" मी म्हटलं, "तसंच समजा." आम्ही तिघी हसलो. मी त्या हिवाळ्यात इतकी मोकळी हसले ते तेवढंच.

कॉफी पिताना ती कागद उलटसुलट करत होती. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

"आणि हे?"

तिच्या निकालांत काही ठिकाणी वेळेऐवजी नुसती आडवी रेघ होती. म्हणजे शर्यत सुरू केली, पण पुरी केली नाही.

"ते मी धरलेलं नाही," मी सहज म्हटलं. "वेळच नाही, तर सरासरीत कसं घेणार?"

आणि हे मी खरोखरच सहज म्हटलं होतं. आमच्या शाळेत असंच करत. भातकापणी संपली की डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं बिऱ्हाडं डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर, मिठागरावर, गवत कापायला निघून जात आणि त्यांची पोरंही जात. परीक्षेला अर्धे बाक रिकामे. तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'गै.' लिहायचं आणि वर्गाची सरासरी उरलेल्यांची काढायची. ती चांगलीच येई. तपासायला येणारे साहेब खूश होत. मला कधी त्यात वावगं दिसलं नव्हतं. जो परीक्षेला बसलाच नाही त्याला नापास कसं म्हणायचं, असाच सरळ विचार. तोच हात इथे चालला होता.

इंग्रिडने त्या आडव्या रेघा एकेक करून बोटाने मोजल्या. एक दोन सुरुवातीच्या हिवाळ्यांत होत्या, बाकीच्या सगळ्या शेवटच्या दोनांत.

"या पहिल्या दिवशी माझी पट्टी मोडली होती," ती म्हणाली. "ती सोडून दे. पण या..." तिने कागद माझ्याकडे वळवला. "या दिवशी काही मोडलं नव्हतं, सुमन. चढ समोर होता आणि पाय म्हणाले, नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि बाकीच्या बायका जाताना बघितल्या. या दिवशीही तेच. त्या मोज."

"पण त्यांना वेळ..."

"सगळ्यांत शेवटी आलेलीच्या मागे मला ठेव. मी तिथेच होते."

त्या वेळी बाहेर बोंबील उचलायची वेळ झाली होती, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. इंग्रिड एकदा म्हणाली होती की तिच्या गावीही मासे असेच मांडवांवर टांगून वाळवतात, फक्त खाली बर्फ असतं. ती मांडवांकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. आपण तो कागद गुंडाळून ठेवायला हवा होता, तिला ती सपाट रेघ घेऊन जाऊ द्यायला हवं होतं, असं मला वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं. पण आकडा मोजायचा की नाही हे तिने ठरवलं होतं, मी नाही.

मी पुन्हा बसले. या खेपेला मला घाई नव्हती. पापडीचा हंगाम संपत आला होता. पहाटे कापलेल्या भाताच्या खुंटांवर धुकं बसलेलं असे आणि शाळेच्या वाटेवर ताडांखाली माणसं नीरा पीत उभी असत. मीही एकदा प्याले, गोड लागली नाही. वाटेत डोंगराकडून आलेली एक बाई दिसली, कडेवर पोर, पाठीमागे माझ्याच वर्गातली सोमी डोक्यावर गाठोडं घेऊन. मी थांबवलं. "कुठे निघालीस? परीक्षा आहे ना?"

"भट्टीवर जातो बाई," सोमी म्हणाली. "आयशी एकटी हाय. पावसाच्या आंदी येऊ आमी."

"बरं," मी म्हटलं. काय म्हणणार होते? त्या वर्षी मी सोमीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना धरून सरासरी काढली. मुख्याध्यापकांनी तक्ता माझ्याकडे परत सरकवला. "राऊतबाई, हे वर पाठवायचं असतं. असं काय करता?" वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी रीतीप्रमाणे दुसरा तक्ता करून दिला आणि पहिला फाडला नाही, एवढंच. त्याने सोमीचं काय झालं? काहीच नाही.

इंग्रिडची नवी रेघ खाली येत होती. फसवी उतरण नव्हती, उघड होती. पहिले हिवाळे वर, मधले सपाट, आणि मग घाटाच्या रस्त्यासारखी खाली. प्रशिक्षकाचं खरं होतं. मी पुन्हा पुन्हा तपासलं. बेरीज चुकली असती तर मला आनंद झाला असता. आमचे हे ते बघून म्हणाले, "अगं, दुसऱ्याचं काम आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." ते खरंच दुखत होतं.

मी कागद तिच्यासमोर ठेवला. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने रेघेवरून बोट फिरवलं आणि ते कागदाच्या कडेपर्यंत, जिथे बिंदू नव्हते तिथपर्यंत नेलं.

"पुढचा हिवाळा इथे येईल?"

"इथे कुठे तरी."

"नक्की?"

"नक्की असं काही नसतं," मी म्हटलं. हे तरी मला शिकवलेलं होतं. "थोडं वर, थोडं खाली होऊ शकतं. कधी कधी बरंच."

"कधी कधी बरंच," ती माझ्यामागून म्हणाली.

मला वाटलं, संपलं. आता ती काठ्या पार्वतीबायच्या चुलीत घालील. पण दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा ती पुन्हा वाळूवर होती आणि त्यानंतरही रोज. उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना. पावसात, किनाऱ्यावर कोणी नसताना. पार्वतीबाय मला बाजारात भेटली की सांगे, "बाय, तिला जरा समजवा. नवस फेडायची पन एक रीत असते. असा जीव काडायचा नसतो." मी समजवायला गेले तेव्हा इंग्रिड म्हणाली, "तुझी रेघ मी मानते, सुमन. पण त्या जागी बिंदू अजून पडलेला नाही ना? तो तर मलाच द्यावा लागेल." दिवाळीच्या आधी ती नॉर्वेला गेली. निघताना तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. तिचे तळवे काठ्यांनी आमच्या शेतावरच्या बायकांसारखे झाले होते. मी तिला म्हटलं, "माझं गणित चुकव." इंग्रजीत ते नीट म्हणताही आलं नाही. पण तिला कळलं.

तो हिवाळाही आमच्याकडे असाच आला, नावापुरता. मी देवापुढे दिवा लावताना तिची आठवण काढू लागले. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. मी शास्त्र शिकलेली बाई, मला माहीत होतं की दिव्याने रेघ वर जात नाही. तरी लावत होते. आता या वयात, कोणाचे डॉक्टरी तपासणीचे आकडे यायचे असले की सगळेच तसा दिवा लावतात. मी त्यांना हसत नाही.

एका संध्याकाळी हे कचेरीतून आले ते बूट न काढताच म्हणाले, "साहेबांकडे तार आली. तिची शर्यत झाली."

"पुरी केली?"

"केली. हे घे, तुला लागतील म्हणून सगळे आकडे उतरवून आणलेत." ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर तिची वेळ होती, पहिलीची होती, आणि मधलीची होती. साहेबांना तिने बजावून ठेवलं असणार.

मी चुलीवरचं उतरवलं. आलेखाचा कागद काढला. भागाकार साधाच होता, लॉगटेबल लागलं नाही. पेन्सिलीला टोक केलं, कारण इतक्या लांबून आलेला बिंदू बोथट पेन्सिलीने द्यायचा नव्हता. मग डावीकडून सरकत सरकत त्या हिवाळ्याशी आले, वर गेले, आणि टेकवली. बिंदू रेघेवर पडला. वर नाही, खाली नाही, केसभर इकडे तिकडे नाही. इतकं अचूक मला त्याआधी कधी आलं नव्हतं, आणि नंतर तर मी काही मोजलंच नाही. हे खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना खूप अभिमान वाटला. "बरोबर आलं की गं तुझं!" ते म्हणाले.

"आलं," मी म्हटलं आणि कागदावर डोकं ठेवून रडले.